हुशार व्हॅम्पायर मालिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हॅम्पायरच्या मालिका आवडतात असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग प्रश्न विचारतो. प्रश्न बहुतेक ठरलेले असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. ज्या उत्तरात कथानक फुटतं, तिथे सुरुवातीलाच सांगितलं आहे.

'हुशार' व्हॅम्पायर मालिका म्हणजे नेमकी कोणती?

मेलेली माणसं उठतात आणि रक्त पितात, एवढी एकच अशक्य गोष्ट जी आपल्याकडून मान्य करून घेते आणि त्यानंतर एकही सवलत मागत नाही, ती. दोनशे वर्षं जगणाऱ्याचं घर कोणाच्या नावावर असतं? रोजचं रक्त कुठून येतं? गळ्यावर दोन भोकं असलेलं प्रेत सापडलं तर पंचनाम्यात काय लिहितात? असे प्रश्न लेखकाने आपल्या आधी स्वतःला विचारलेले असले पाहिजेत.

पण माझी खरी कसोटी दुसरी आहे. व्हॅम्पायर जेव्हा म्हणतो, 'चल, तूही आमच्यात ये', तेव्हा घरी बसलेल्या प्रेक्षकाला क्षणभर तरी वाटलं पाहिजे की यात वाईट काय आहे? ते वाटत नसेल तर समोर नुसती सुळे लावलेली माणसं पळत असतात.

झॉम्बी, भूत, वेअरवुल्फ सोडून व्हॅम्पायरच का?

कारण त्याच्याशी बोलता येतं. झॉम्बीशी वाद घालता येत नाही. वेअरवुल्फ म्हणजे पौर्णिमेच्या रात्री लांडगा होणारा माणूस, त्याला तेव्हा कशाचंच भान नसतं. भुताचं बहुधा एकच जुनं दुखणं असतं. ते मिटलं की भूत गेलं. व्हॅम्पायर मात्र पूर्ण शुद्धीवर असतो. त्याच्या आठवणी शाबूत असतात, आपण काय करतोय हे त्याला कळतं आणि ते का करतोय हे तो उत्तम भाषेत सांगू शकतो. शिवाय त्याच्याकडे देण्यासारखं काही असतं: म्हातारपण नाही, आजारपण नाही, मरण नाही. एकजण काहीतरी देऊ करतोय आणि दुसऱ्याला ते हवं आहे, पण घ्यावं की नाही हे ठरत नाही. एवढ्यावर चांगलं नाटक उभं राहतं. त्याला स्पेशल इफेक्ट्सही लागत नाहीत, एक खोली आणि दोन चांगले नट पुरतात.

सुरुवात कुठून करू?

'अल्ट्राव्हायलेट'पासून. ब्रिटनच्या चॅनल फोरवर १९९८ साली आलेली, फक्त सहा भागांची मालिका. लेखन आणि दिग्दर्शन दोन्ही जो अहर्न यांचं. याच नावाचा २००६ चा हॉलिवूडपट सर्चमध्ये आधी येतो. त्याचा हिच्याशी काही संबंध नाही.

'अल्ट्राव्हायलेट'मध्ये एवढं काय आहे?

लंडनमधला पोलीस अधिकारी मायकल कोलफिल्ड (जॅक डेव्हनपोर्ट). त्याचा जिवलग मित्र आणि सहकारी ऐन लग्नाच्या तोंडावर गायब होतो. त्याला शोधता शोधता मायकल एका गुप्त पथकापर्यंत पोहोचतो. या पथकामागे सरकारही आहे आणि व्हॅटिकनही. पथकाचे प्रमुख फादर पिअर्स हार्मन आहेत. सोबत रक्तविकारतज्ज्ञ डॉ. अँजेला मार्श आणि माजी सैनिक वॉन राइस. हा वॉन म्हणजे इद्रिस एल्बा, नाव होण्याच्या कितीतरी आधीचा.

सहा भागांत 'व्हॅम्पायर' हा शब्द कोणीही उच्चारत नाही. पथकाच्या भाषेत ते 'कोड फाइव्ह' असतात, कारण रोमन आकड्यांत पाच म्हणजे व्ही. जुन्या दंतकथांना इथे प्रयोगशाळेतून नेलं आहे. लाकडी खुंट्यातलं काम करणारं द्रव्य कार्बन, म्हणून गोळ्या कार्बनच्या. लसणाऐवजी लसणातल्या ॲलिसिनचा वायू. आरशात दिसत नाहीत म्हणजे कॅमेऱ्यातही दिसणार नाहीत, म्हणून बंदुकीवरच व्हिडिओ पडदा बसवलेला: डोळ्यांना समोर माणूस दिसतो, पडद्यावर दिसत नाही, तर चाप ओढायचा. फोनवरून त्यांचा आवाजही जात नाही. सीसीटीव्ही सगळीकडे लागत होते त्या काळात हे सुचलं, यातच अर्धी मजा आहे.

उरलेली अर्धी मजा पलीकडच्या बाजूची. इथले व्हॅम्पायर किल्ल्यात राहत नाहीत; त्यांच्याकडे डॉक्टर आहेत, वकील आहेत, पैसा आहे. ते कृत्रिम रक्तावर संशोधन करतात, वंध्यत्वाच्या उपचारात हात घालतात, रक्ताच्या आनुवंशिक आजारांचा अभ्यास करतात. का, ते हळूहळू उलगडतं, आणि त्यांचं म्हणणं अस्वस्थ करतं: माणूस स्वतःचा आणि पृथ्वीचा नाश करायला निघाला आहे, आणि ज्यांना अजून हजार वर्षं इथेच काढायची आहेत त्यांना हात बांधून बसणं परवडणार नाही. इकडे 'आपल्या' बाजूचे लोक वॉरंटशिवाय पाळत ठेवतात, कोर्टाचं तोंड न दाखवता मारतात आणि नातेवाइकांना खोटं सांगतात. मायकलला प्रश्न पडतो की आपण नक्की पोलीसच आहोत ना. मालिका त्याला घाईने उत्तर देत नाही.

आणि मग फादरना कॅन्सर निघतो. आयुष्यभर अनंत जीवनाबद्दल प्रवचन दिलेल्या माणसासमोर अनंत जीवनाची दुसरी, लगेच मिळणारी आवृत्ती येऊन उभी राहते. पुढचं सांगत नाही.

जाता जाता: गायब होणाऱ्या मित्राचं काम स्टीव्हन मॉयरने केलं आहे. दहा वर्षांनी तोच 'ट्रू ब्लड'मध्ये बिल नावाचा व्हॅम्पायर झाला. फॉक्सने अमेरिकन आवृत्तीचा पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग, केला होता, तो पुढे सरकला नाही. फार वाईट वाटलं नाही.

लसूण, क्रूस, सूर्यप्रकाश: प्रत्येक मालिकेत नियम वेगळे. खरे कोणते?

कोणतेच नाहीत, आणि हे बरंच आहे. १८९७ च्या मूळ कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो. फक्त त्याची ताकद कमी होते. उन्हाने व्हॅम्पायर नष्ट होणं हे १९२२ च्या 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटापासून रूढ झालं. 'बीइंग ह्यूमन'मधले दिवसा नोकरीला जातात. 'ट्रू ब्लड'मधले उन्हात जळतात, पण क्रूस आणि आरसा या अफवा आपणच पसरवल्या असं हसत सांगतात.

कोणत्या लेखकाने कोणता नियम ठेवला, यावरून त्याला काय सांगायचं आहे ते कळतं. माझा आवडता नियम उंबरठ्याचा: घरच्या माणसाने 'आत ये' म्हटल्याशिवाय व्हॅम्पायर आत येऊ शकत नाही. म्हणजे जबाबदारीतला वाटा आपलाही. 'ट्रू ब्लड'मध्ये दिलेलं आमंत्रण परत घेता येतं, आणि मग सहा फुटी गडी अदृश्य दोरीने ओढल्यासारखा मागे मागे दाराबाहेर जातो. हसू येतं, आणि बऱ्याच प्रेक्षकांना, विशेषतः बायकांना, बरंही वाटत असावं.

मुळात खेडवळ अंधश्रद्धा. तिला 'आधुनिक' करणं ओढूनताणून वाटत नाही का?

उलट आहे. युरोपात व्हॅम्पायर गाजला तो सरकारी कागदपत्रांतून. १७३२ साली सर्बियातल्या मेद्वेजा गावात ऑस्ट्रियन लष्कराचे डॉक्टर योहानेस फ्ल्युकिंगर चौकशीला गेले. गावात माणसं पटापट मरत होती आणि लोकांचा संशय कबरीतल्या मृतांवर होता. थडगी उघडली गेली, प्रेतांची तपासणी झाली, 'रक्त ताजं', 'नखं नवी' अशा नोंदी झाल्या आणि खाली साक्षीदारांच्या सह्या पडल्या. तो अहवाल छापला गेला आणि युरोपभर वर्तमानपत्रांत चघळला गेला. नोंदवलेली लक्षणं कुजण्याच्या क्रियेत सहज दिसतात: पोट फुगतं, तोंडातून लालसर द्रव येतो, कातडी मागे सरल्यामुळे नखं वाढल्यासारखी वाटतात. १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसाने आपले वैद्य जेरार्ड व्हान स्वीटन यांच्याकरवी प्रकरण तपासून घेतलं आणि प्रेतं उकरायला बंदी घातली.

तेव्हा फाइल, डॉक्टर आणि चौकशी समिती ही 'अल्ट्राव्हायलेट'ची नवी टूम नव्हे. व्हॅम्पायरचं ते माहेर आहे.

'बफी' तर शाळकरी मुलांसाठी होती. तिला हुशार म्हणता?

म्हणतो. (पुढे कथानक फुटतं.) बफी म्हणजे व्हॅम्पायर आणि राक्षस मारणारी शाळकरी मुलगी. १९९७ ते २००३, सात सीझन, १४४ भाग. पहिल्या सीझनचे राक्षस रबरी आहेत, तेवढं सोसा. वयात येण्याच्या सगळ्या भीती तिथे शब्दशः घडतात. दुसऱ्या सीझनमध्ये बफी एंजल या आत्मा असलेल्या व्हॅम्पायरबरोबर पहिल्यांदा रात्र घालवते आणि त्याचा आत्मा हरवतो. तो क्रूर, टर उडवणारा माणूस होतो. 'नंतर तो बदलला' हे वाक्य जगातल्या अनेक मुलींना वेगळ्या कारणाने माहीत आहे. पाचव्या सीझनमधला 'द बॉडी' हा भाग तर जरूर पाहा. बफीची आई मरते, साध्या आजाराने. पार्श्वसंगीत अजिबात नाही. एवढी राक्षस मारणारी मुलगी, आणि इथे मारायला कोणी समोरच नाही.

'ट्रू ब्लड' अल्पसंख्याकांच्या हक्कांविषयी आहे, हे खरं का?

तसा तिचा दावा दिसतो. एचबीओ, २००८ ते २०१४, कर्ते ॲलन बॉल. जपानी शास्त्रज्ञांनी बाटलीबंद कृत्रिम रक्त काढलं, म्हणून व्हॅम्पायर उघडपणे समाजात आले. आता ते टीव्हीवर चर्चेला बसतात आणि समान हक्क मागतात. शीर्षकगीताच्या दृश्यांत चर्चबाहेरच्या पाटीवर, समलिंगी लोकांविरुद्धची कुप्रसिद्ध घोषणा एक अक्षर वाढवून, व्हॅम्पायरविरोधी करून लावलेली दिसते.

मला हे रूपक गळकं वाटतं. खऱ्या अल्पसंख्याकांविषयीची भीती खोटी असते, ती पसरवलेली असते. मालिकेतल्या बाँ ताँ गावातल्या व्हॅम्पायरविषयीची भीती खरी आहे. ते माणसं मारतात. त्यामुळे रूपक सोडून द्या आणि मालिकेला सरळ प्रश्न विचारू द्या: कालपर्यंत आपल्याला खाणारे आज शेजारी राहायला आले, तर विश्वास कितपत ठेवायचा? तसं पाहिलं तर पहिले तीन सीझन मस्त आहेत. मग चेटकिणी येतात, पऱ्या येतात, आणि गर्दी फार होते.

'बीइंग ह्यूमन'ची ब्रिटिश आवृत्ती पाहू की अमेरिकन?

ब्रिटिश. (पुढे कथानक फुटतं.) एक व्हॅम्पायर, एक वेअरवुल्फ आणि एक भूत ब्रिस्टलमध्ये घर भाड्याने घेऊन एकत्र राहतात. टोबी व्हिटहाउस यांची मूळ कल्पना साध्या माणसांची होती: एकत्र राहणारे तीन मित्र आणि प्रत्येकाचं एकेक मानसिक दुखणं. राक्षस नंतर आले, म्हणून दुखणी खरी वाटतात. मिचेल (एडन टर्नर) पहिल्या महायुद्धात व्हॅम्पायर झालेला. आता इस्पितळात सफाईकाम करतो आणि रक्त सोडण्याचा प्रयत्न करतोय. त्याच्या बोलण्यात दारू सोडणाऱ्या माणसाची सगळी वाक्यं आहेत: आजचा दिवस काढू, या वेळी नक्की, ही शेवटची. आणि मग दुसऱ्या सीझनमध्ये तो एका रेल्वेच्या डब्यातली वीस माणसं मारतो. तिसरा सीझन त्या हत्याकांडाचा हिशेब मागतो, मिचेलकडे आणि त्याच्यावर प्रेम करणाऱ्या आपल्याकडेही. इतक्या लोकप्रिय नायकाला असं कोंडीत पकडायला धाडस लागतं.

'मिडनाइट मास' व्हॅम्पायरची मालिका आहे? त्यात तर तसं कोणी म्हणत नाही.

(या उत्तरात सगळंच फुटतं. मालिका पाहिली नसेल तर पुढच्या प्रश्नावर जा.)

आहे, आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांतली सर्वांत चांगली. नेटफ्लिक्स, २०२१, सात भाग, माइक फ्लॅनगन. क्रॉकेट नावाचं बेट, लोकवस्ती १२७. मासेमारी बसलेली, तरुण निघून गेलेले, चर्चमध्ये मोजकी डोकी. म्हाताऱ्या धर्मगुरूंच्या जागी तरुण फादर पॉल येतात आणि चमत्कार सुरू होतात: व्हीलचेअरवरची मुलगी मिस्सेच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) वेळी उठून चालू लागते, म्हाताऱ्यांच्या पाठी सरळ होतात.

फादर पॉल म्हणजे तेच म्हातारे धर्मगुरू, पुन्हा तरुण झालेले. पवित्र भूमीच्या यात्रेत वाट चुकून ते एका गुहेत शिरले. तिथे पंख असलेल्या एका प्राण्याने त्यांचं रक्त प्यायलं आणि आपलं पाजलं. आयुष्यभर बायबल वाचलेल्या माणसाने त्या प्राण्याला देवदूत मानलं. पंख आहेत, अमरत्व आहे, 'हे माझं रक्त आहे, प्या' असं शास्त्रातच लिहिलेलं आहे. त्यांनी ते रक्त ख्रिस्तप्रसादाच्या द्राक्षारसात मिसळलं. एका श्रद्धाळू माणसाने आपल्या श्रद्धेच्या तर्काने पायरी पायरीने इथवर यावं, आणि त्यातली एकही पायरी मूर्खपणाची वाटू नये! मी याआधी असं लेखन व्हॅम्पायरच्या गोष्टीत पाहिलं नव्हतं.

त्याहून पुढचं टोक असं की फादरचं खरं कारण धर्म नाहीच. ज्या बाईवर त्यांनी लपून प्रेम केलं ती आता स्मृतिभ्रंशाने अंथरुणाला खिळली आहे. तिला परत आणायचं होतं. हॅमिश लिंकलेटरने हे काम असं केलं आहे की त्या माणसाचा रागच येत नाही. राग येतो तो बेव्ह कीनचा. ही चर्चचा कारभार बघणारी बाई रक्त न पिताही गावातली सर्वांत घातक व्यक्ती आहे, कारण प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे एक वचन तयार असतं. अशी एकेक बेव्ह कीन कुठल्याही धर्माच्या विश्वस्त मंडळात सापडेल.

तक्रार एकच: माणसं लांबलचक बोलतात. मृत्यूनंतर काय होतं यावर सोफ्यावर बसून दोन प्रदीर्घ स्वगतं आहेत. मला आवडली. माझ्या बहिणीने त्या वेळात चहा करून आणला.

'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'चा जुना चित्रपट पाहिलाय. मालिका पाहायची गरज आहे का?

आहे. अ‍ॅन राइस यांची कादंबरी १९७६ ची, चित्रपट १९९४ चा. एएमसीची मालिका २०२२ मध्ये सुरू झाली आणि तिने पाया बदलला. मूळचा लुई अठराव्या शतकातला गोरा मळेवाला, गुलामांचा मालक. मालिकेतला लुई १९१० च्या न्यू ऑर्लीन्समधला कृष्णवर्णीय व्यावसायिक आहे. पैसा आहे, पण गोऱ्यांच्या टेबलावर तो कधीच बरोबरीने बसत नाही. लस्टॅट हा व्हॅम्पायर त्याला देऊ करतो ते फक्त अमरत्व नसतं. यापुढे कोणासमोर मान खाली घालावी लागणार नाही, हे असतं. त्यामुळे तो 'हो' का म्हणतो ते समजावून सांगावं लागत नाही. आणि मग कळतं की मान खाली घालायला लावणारा आता घरातच आहे.

मुलाखत घेणारा डॅनियल मलॉय (एरिक बोगोसियन) इथे म्हातारा, पार्किन्सन्स झालेला, खवचट पत्रकार आहे. त्याने १९७३ मध्ये हीच मुलाखत एकदा घेतली होती. आता दुबईत तो लुईचं प्रत्येक वाक्य उलटतपासणीला घेतो. एकच प्रसंग पुन्हा सांगितला जातो आणि वेगळा निघतो. शंभर वर्षांच्या आठवणी घेऊन जगणाऱ्याला त्यातल्या खऱ्या कोणत्या हे कळणार कसं, हा दुसऱ्या सीझनचा कणा आहे. भारतीय प्रेक्षकांसाठी एक गंमत: कादंबरीत कीव्हचा असलेला आर्मां हा व्हॅम्पायर इथे दिल्लीचा आहे, मूळ नाव अरुण. असाद झमानने तो इतका मऊ आवाजात केला आहे की त्याचीच जास्त भीती वाटते.

'व्हॅम्पायर डायरीज' आवडणं कमीपणाचं आहे का?

अजिबात नाही. 'माणुसकीचा स्विच' बंद करून दुःखापासून सुटका करून घेणारे व्हॅम्पायर ही त्यांची कल्पना चांगलीच आहे. फक्त तो स्विच इतक्यांदा बंद-चालू होतो की पुढे पुढे काळजी वाटेनाशी होते.

२०२० चा बीबीसीचा 'ड्रॅक्युला'?

तीन भागांपैकी पहिले दोन पाहा. डॉली वेल्सची सिस्टर अगाथा ड्रॅक्युलाला घाबरायचं सोडून, तू क्रूसाला का घाबरतोस, म्हणून जेरीस आणते. तिसऱ्या भागात तो आजच्या लंडनमध्ये पकडला जातो आणि वकील लावून सुटतो. कल्पना झकास, पण नंतर हातातून निसटते.

विनोदी काही?

'व्हॉट वी डू इन द शॅडोज', २०१९ ते २०२४. स्टेटन आयलंडवर राहणारे, शेकडो वर्षं जगूनही काहीच न शिकलेले व्हॅम्पायर. त्यातला कॉलिन रॉबिन्सन रक्त पीत नाही. ऑफिसात लोकांना कंटाळवून त्यांची शक्ती शोषतो. ओळखीचे दोन-तीन चेहरे लगेच डोळ्यांसमोर येतील.

मुलांबरोबर पाहता येईल का?

'बफी' थोड्या मोठ्या मुलांबरोबर, हो. 'ट्रू ब्लड' कोणाहीबरोबर पाहू नका, आईवडिलांबरोबर तर नाहीच. बाकीच्या मोठ्यांसाठी.

मराठीत असं काही का होत नाही?

अगदीच झालं नाही असं नाही. स्टीफन किंगच्या ज्या 'सेलम्स लॉट'वरून अमेरिकेत १९७९ साली दोन भागांची टीव्ही मालिका झाली, तिच्याच आधाराने नारायण धारपांनी 'लुचाई' लिहिली. वाचक मिळाले. पडद्यावर मात्र ती वाट पुढे गेली नाही.

एक कारण मला असं वाटतं: युरोपचा व्हॅम्पायर कबरीतून आला, आपल्याकडे बहुतेकांना अग्नी देतात, उठायला प्रेतच उरत नाही. जवळचा नातेवाईक म्हणावा तर वेताळ. प्रेतात राहतो, हुशार आहे, बोलतो, राजाला पेचात पकडतो. पण कोकणाने त्याला देव करून टाकला. आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात. गोव्यातही पैंगीणला बेताळाचं देवस्थान आहे. ज्याला नवस बोलायचा, तो उंबऱ्याबाहेर उभा राहून 'आत येऊ का' असं कशाला विचारेल? तरीही, मेलेला राखणदार आणि त्याच्या उपकारात राहणारं गाव, यावर सहा भाग कोणी लिहिले तर मी रात्री जागून बघेन.

या सगळ्यानंतर मूळ 'ड्रॅक्युला' वाचावी का?

वाचा, आणि जुनं पुस्तक म्हणून वाचू नका. त्यातली माणसं फोनोग्राफवर दैनंदिनी नोंदवतात, टाइपरायटरवर सगळे पुरावे उतरवून तारखेनुसार लावतात, एकमेकांना तारा करतात, रुग्णाला रक्त देतात. १८९७ च्या मानाने हे अगदी ताजं तंत्रज्ञान होतं. काउंटही मागे नाही. पाहुणा आलेला वकील एका संध्याकाळी त्याच्या ग्रंथालयात डोकावतो, तर स्वारी सोफ्यावर आडवी होऊन इंग्लंडच्या रेल्वेचं वेळापत्रक वाचत पडलेली असते.